तीन ओगराळी

चौथ्या गोळीनंतर आवाज झालाच नाही. नुसतं टिक्.

ओन्नी राउतिओंनी चापावरचं बोट काढलं. रायफल तशीच लक्ष्याकडे रोखून धरली आणि मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं. मग बोल्ट मागे ओढून आत पाहिलं. काडतुसाचं घर रिकामं होतं. आधीची पुंगळी बाहेर पडली होती, पण पुढचं काडतूस वर आलं नव्हतं. बोल्ट अर्ध्या वाटेतून परत फिरला होता आणि काहीच न उचलता बंद झाला होता.

"पुन्हा तेच!" मागच्या बाकावरून रस पेलत्ये ओरडला. "अरे, किती वेळा सांगू? स्प्रिंग बदल. सिलिंडर बदल. क्लिपा फेकून दे. बायको बदल म्हणालो असतो, पण तेवढंही आता तुझ्याकडे राहिलं नाही."

"तू तोंड बदल," ओन्नी म्हणाले.

त्यांनी दंडाला आवळलेला रायफलचा पट्टा सोडवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उजवीकडच्या गवतात पडलेल्या चार पुंगळ्या शोधायला लागले. पहिल्या दोन सहा पावलांवर होत्या. तिसरी चार पावलांवर. चौथी जवळजवळ त्यांच्या बुटाशीच. प्रत्येकीवर त्यांनी पेन्सिलीने आकडा घातला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एल्मा, बघितलंस? एकदम नाही थांबत. दमत दमत थांबतेय."

काळ्या माश्यांनी माझी मान फोडून काढली होती. रसला घरी जाऊन मांस-बटाटा भरलेली पेस्टी खायची होती. पण ओन्नींनी वही काढली, तारीख लिहिली, वारा लिहिला, चार अंतरं लिहिली, आणि मगच आम्ही निघालो.

काल्लिओच्या पाणीपुरवठ्यात मी एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेत होते आणि ओन्नी अडतीस वर्षं पंपघरात. मी सरोवराच्या पाण्यातले जंतू आणि क्लोरीन मोजायची, ते पाणी गावापर्यंत ढकलायचे. लोक म्हणत, ओन्नीशी पंप बोलतात. हे ऐकलं की ते चिडत. "पंप बोलत नाहीत. मी मोजतो," एवढंच म्हणत. निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक घड्याळ आणि वेलचीच्या गोड पावाची वेणी मिळाली. घड्याळ त्यांनी आठवडाभर पडताळलं, दिवसाला चार सेकंद पुढे जातं असं एका चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवलं, आणि मग वापरायला घेतलं.

त्यांच्या आयुष्यात गावाने दखल घ्यावी असं एकच काही होतं. राज्याच्या मोठ्या सामन्यांत, फौजेतल्या जुन्या रायफलीने नेम धरणाऱ्यांमध्ये जो वरच्या दहाव्या हिश्शात येतो, त्याला गुण मिळतात. कधी सहा, कधी आठ, कधी दहा. तीस गुण झाले की एक सोनेरी बिल्ला मिळतो आणि तो जन्मभर राहतो. आमच्या नेमबाजी क्लबात तो कुणाकडेच नव्हता. ओन्नींकडे चोवीस गुण होते. एकतीस वर्षांत जमलेले. शेवटचे सहा बाकी होते, आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी लांब पुलापलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर सामना होता. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा उजवा डोळा अजून किती दिवस साथ देणार, हे ते जाणून होते. "या वर्षी किंवा नाहीच," असं त्यांनी मला एप्रिलमध्ये सांगितलं होतं, जणू पंपाचं बेअरिंग किती टिकेल ते सांगावं तसं.

साध्या सामन्यात बंदूक अडली तर हात वर करायचा, पंच येऊन बघतो, आणि पुन्हा संधी देतो. या सामन्यात तसं नाही. अडली तर अडली. ज्या गोळ्या सुटल्या नाहीत त्या शून्य.

गुरुवारी दुपारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले तेव्हा रायफल बाकावर सुटी करून मांडलेली होती. प्रत्येक भाग जुन्या टॉवेलवर, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने.

रस तिथेच होता, कॉफीत पाव बुडवत. "मी याला चार नवे भाग आणून देतो म्हटलं. एका तासात काम."

"आणि चारही घातल्यावर ती चालली," ओन्नी म्हणाले, "तर दोष कशात होता?"

"गेला ना! मग कशाला पाहिजे दोष?"

"मग तो कुठे गेला ते मला कळणार नाही. आणि जे कळलं नाही ते परत येतं."

त्यांची पद्धत मला पाठ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फरक पडला नाही तर ती परत जशी होती तशी करायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. विद्यापीठात मला हे शिकवायला एक प्राध्यापक, एक जाड पुस्तक आणि दोन वर्षं लागली होती. आठवी शिकलेल्या या माणसाला ते कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

दोन आठवडे ते हेच करत होते. काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा आठ होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाचा आकडा घालून पाहिलं, अडणं कुठल्याही एकीला धरून नव्हतं. काडतुसं ते स्वतः भरत. त्यातली वीस मी घरी नेऊन उघडली आणि माझ्या काट्यावर दारू तोलली. वीसही केसाएवढ्या फरकात सारखी होती. स्प्रिंग त्यांनी पट्टीवर ठेवून मोजली, ठीक होती. दट्ट्याचा व्यास मोजला, तो ज्यात सरकतो त्या सिलिंडरचा मोजला. झीज होती, पण चालण्याइतकीच. वंगण पुसून नवं लावलं. मग बाकावर रायफल टेकवून चाळीस गोळ्या झाडल्या. चाळीसच्या चाळीस, न अडखळता. आणि खाली बसून, सामन्यात झाडतात तशा, साठ सेकंदांत दहा झाडायला घेतल्या की चौथी किंवा पाचवीला टिक्.

त्या दिवशी वाट बघताना मी त्या मांडलेल्या भागांकडे पाहत होते. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण या यंत्राचं वाटतं, इतकी वर्षं झाली तरी. गोळी नळीच्या टोकाशी पोचते तेव्हा तिच्यामागे धुमसणाऱ्या वायूतला चिमूटभर वायू एका बारीक भोकातून खाली निसटतो. भोक बाजरीच्या दाण्याएवढं. गोळी बाहेर पडली की तो दाबही संपला, म्हणजे सेकंदाचे काही हजारावे भाग. तेवढ्यात तो दट्ट्याला एक धक्का देतो. दट्ट्याला जोडलेला हातभर लांबीचा पोलादी दांडा मागे जातो, बोल्ट फिरवून उघडतो, पुंगळी ओढून फेकतो, घोडा चढवतो, स्प्रिंग दाबतो, आणि स्प्रिंग त्याला परत पाठवते तेव्हा तो जाता जाता नवं काडतूस उचलून घरात बसवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. कुणी ढकलत नाही, कुणी बघत नाही. ज्याचा धूर व्हायचा त्यातलाच थोडा वायू पुढच्या गोळीची सोय करून जातो.

त्या चिमूटभर ताकदीत जास्तीचं काहीच नसतं. वाटेत कुठे केसाएवढं घासलं तरी पुरत नाही.

"बाकावर चालते, बसून चालत नाही," ओन्नी म्हणाले. "बाकावर काय नव्हतं?"

"घाई," मी म्हणाले.

"घाई रायफलला कळत नाही. अजून?"

"तुझं पोट मध्ये येतं," रस म्हणाला.

"तेही तिला कळत नाही."

मी डोळे मिटून त्यांना बसलेलं आठवून पाहिलं. पाय फाकवलेले, कोपरं गुडघ्यांच्या आत, डावा दंड... "पट्टा," मी म्हणाले.

 ओन्नींनी रायफल जोडायला घेतली, फक्त स्प्रिंग बाहेर ठेवली. घर रिकामं असल्याचं स्वतः पाहिलं, मला दाखवलं, रसला दाखवलं. मग रायफलचं तोंड वर केलं. दांडा आपल्याच वजनाने सर्रकन मागे आला. तोंड खाली केलं, सर्रकन पुढे गेला. लोण्यातून गेल्यासारखा.

"आता खाली बस. पट्टा आवळ. मी आवळतो तसा."

मी सिमेंटवर फतकल मारली, पट्टा दंडात चढवला आणि हात बधिर होईपर्यंत ताणला. ओन्नींनी नळीचं टोक दोन बोटांनी वर उचललं. दांडा निघाला, चार बोटं आला आणि थांबला. ओल्या दिवसांत खण अडतो तसा.

"अगं बाई," माझ्या तोंडून गेलं.

रसने कप खाली ठेवला.

पट्टा पुढे रायफलच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला अडकवलेला असतो. तो ओढला की दस्ता डावीकडे खेचला जातो, लाकूड वाकतं, आणि आतून जाणाऱ्या दांड्याला टेकतं. ओन्नींनी मेणबत्ती पेटवली, दांड्याच्या नळकांडीवर काजळी धरली, रायफल पुन्हा जोडली, मला पुन्हा पट्टा आवळायला लावला आणि दांडा एकदा हाताने मागेपुढे केला. मग दस्ता उतरवून खिडकीपाशी नेला. आतल्या खाचेत, अक्रोडाच्या लाकडावर, नखाएवढी काळी रेघ उमटली होती.

मी ती रेघ कितीतरी वेळ बघत राहिले. दोन आठवडे, आठ क्लिपा, शंभरएक गोळ्या, आणि हे एवढंसं. ताऱ्याची जागा गणिताने आधी काढावी आणि मग दुर्बीण तिकडे वळवावी, तसं त्यांनी त्याला पकडलं होतं.

"घास की मग," रस म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"ही खाच मी एकतीस वर्षांपूर्वी कोरली. पोस्टकार्ड जाईल एवढी जागा ठेवली होती. गेल्या वर्षीपर्यंत होती. लाकूड उगाच हलत नाही, रस."

"तेल कधी लावलंत?" मी विचारलं.

"मे महिन्यात. नेहमीसारखं."

आमच्याकडे हे सगळेच करतात. दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं आणि शनिवारी सौना, म्हणजे भट्टीवरच्या दगडांनी तापवायची लाकडी न्हाणी, तापली की आत वरच्या फळीखाली टांगून ठेवायचा. कोरड्या उष्णतेने लाकूड तेल पिऊन घेतं, वर काचेसारखं पुट चढतं. फक्त त्या दिवशी दगडांवर पाणी टाकायचं नाही. वाफेने तापलेलं लाकूड फुगतं आणि वाकतं, हे इथल्या शाळेतल्या मुलीलाही ठाऊक असतं.

ओन्नी सावकाश रसकडे वळले.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"तू वाफेशिवाय दहा मिनिटं बसू शकत नाहीस. फ्रेंच रक्त, कोरडी उष्णता सोसत नाही."

"अरे, पण मी होतो कुठे? मे महिन्यातले तीन शनिवार मी मार्केट शहरात लेकीकडे होतो, तिचं छप्पर घालत. कंबर मोडली माझी. विचार तिला फोन करून!"

"तारीख बघू. एल्मा, सौनाच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला वही आहे, ती आण. रसचं लेकीकडचं छप्पर किती शनिवार चाललं ते कळेल."

मी अंगण ओलांडून गेले. बाहेरची खोली नीटनेटकी होती. बर्चची फोडलेली लाकडं, एकच टॉवेल, आणि दोऱ्याने लटकलेली वही. पंपघरात जशी नोंद ठेवायचे तशीच: लाकूड, अंश, पाणी, शेरा. बायको लेंपी गेल्यापासून त्या खोलीत तेच एकटे बसत, आणि रस आला तर रस.

मी वही उघडत परत आले आणि दारातच वाचायला लागले. मी काय वाचते आहे याकडे माझं लक्षच नव्हतं, तारीख सापडल्याचाच आनंद.

"हं, सापडली. सतरा मे, शनिवार. बर्च. एकशे ऐंशी अंश फॅरनहाइट. दस्ता टांगला. पाणी तीन ओगराळी. वाफ छान."

 बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"परत वाच," ओन्नी म्हणाले.

मी वाचलं.

"अक्षर कोणाचं आहे?"

"तुमचं."

त्यांनी हात पुढे केला. वही डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, चष्मा वर सारून पाहिली. "मी पाणी टाकलेलं नाही," ते म्हणाले. मग चष्मा परत डोळ्यांवर ओढून, "टाकलेलं मला आठवत नाही."

"चालतंय रे," रस घाईघाईने म्हणाला. "परवा मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला."

"रस, तू घरी जा. पेस्टी गार होईल."

रस गेला. जाताना त्याने ओन्नींच्या पाठीवर थाप मारली नाही, जी तो एरवी मारल्याशिवाय जात नाही.

ओन्नी स्टुलावर बसले, वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "आता असं कर. या वर्षातली कुठलीही तारीख सांग. फक्त तारीख. त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो. मग तू वाच. खूण कर, बरोबर की चूक."

"ओन्नी, कशाला—"

"सांग."

मी सांगत गेले. पाच एप्रिल. ते म्हणाले, रस आला होता, लाकूड ओलं निघालं. बरोबर. बारा एप्रिल. ते थांबले, खिडकीकडे पाहिलं. "काही नाही." वहीत होतं: चिमणीचा पत्रा बदलला, बोट कापलं. मी चूक अशी खूण केली. त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. डाव्या तर्जनीवर पांढरी रेघ होती.

बारा तारखा झाल्या. पाच बरोबर, सात चूक. मधेच त्यांनी मला आठ वर्षांपूर्वीची वही ट्रंकेतून काढायला लावली, पडताळा म्हणून. त्यातल्या बाराच्या बारा त्यांनी सांगितल्या. कुठल्या दिवशी लेंपीने मीठ लावलेले मासे आणले होते तेसुद्धा.

 मी माणसांना आपल्यावरची वाईट बातमी ऐकताना पाहिलं आहे, रडताना, हसण्यावारी नेताना. कुणी तिच्यामागे मोजपट्टी घेऊन स्वतः चालत जातो, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. जुन्या वहीचा पडताळाही घेतला त्यांनी. तो घ्यायचं मला सुचलं नसतं.

"बारातल्या सात," ते म्हणाले. "बरं. लाकूड राहिलंय."

त्यांनी गोल दांडक्याला बारीक सँडपेपर गुंडाळला आणि ती काळी रेघ घासायला घेतली. दहा वेळा घासायचं, काजळी धरायची, बघायचं. तासाभराने पट्टा आवळूनही पोस्टकार्ड आतून सरकायला लागलं. उघड्या लाकडावर तेल लावून त्यांनी दस्ता खिडकीत ठेवला. सौनात नाही.

शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. मला वाटलं ते झाडून बघतील, पण त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. मी बसले, पट्टा आवळला. दहा गोळ्या सुटल्या. नंतर गवतात पाहिलं, तर दहाही पुंगळ्या एका टोपीत मावतील एवढ्या जागेत पडल्या होत्या. ओन्नी त्यांच्याभोवती एकदा फिरले. एकतीस वर्षांत ती रायफल इतकी चांगली चालली नसेल.

"उद्या हीच ने," ते म्हणाले. "तुझं नाव आहेच यादीत. माझं मी काल फोन करून काढलं."

"का?"

"का म्हणजे?"

"डॉक्टरला तरी दाखवा आधी! एक सामना, ओन्नी. सहा गुण. बंदूक आता ठीक आहे, तुमचा नेम ठीक आहे. तीन ओगराळी पाण्यावरून कोणी—"

"डॉक्टरकडे जाईन. त्यालाही हेच आकडे देईन." ते पुंगळ्या गोळा करायला वाकले. "वीस वर्षं या रेंजवर मी लोकांना विचारतोय, बंदूक रिकामी केलीस का? 'बहुतेक' म्हणाला की त्याला घरी पाठवलंय. रसला दोनदा."

"तुम्ही विसरणार नाही ते."

"पाणी विसरणार नाही असंही वाटलं होतं मला." ते सरळ उभे राहिले. "तू नळाच्या पाण्यात क्लोरीन किती ते कधी 'बहुतेक पुरेसं' असं लिहिलंस?"

एकोणतीस वर्षांत नाही लिहिलं. त्यांना ते माहीत होतं. 

"बिल्ला चांगला दिसला असता," ते म्हणाले, आणि टोपी झटकून डोक्यावर घातली.

रविवारी ते माझ्याबरोबर आले. एवढा लांब पूल ओलांडायचा तर खंदकात काम करतो म्हणाले. तिथे लक्ष्यांखाली भिंतीआड माणसं उभी असतात. गोळ्या डोक्यावरून जातात, मग लक्ष्य खाली ओढायचं, भोकांत खुणेच्या चकत्या बसवायच्या, पाटीवर गुण लिहायचे आणि पुन्हा वर ढकलायचं. कुठल्या लक्ष्याखाली कोण आहे हे नेम धरणाऱ्याला सांगत नाहीत. मला चौदा नंबर मिळाला.

बसून झाडायची फेरी आली. आज्ञा झाली, लक्ष्यं वर आली, मी खाली बसले. दोन गोळ्या, नवी क्लिप, मग तिच्यातल्या आठ. पाचवी कधी गेली ते मला कळलंही नाही. यंत्र आपलं काम करत होतं आणि मला फक्त बघत राहायचं होतं. आठवीनंतर क्लिप किणकिणत बाहेर उडाली तेव्हा घड्याळात नऊ सेकंद उरले होते.

सगळी लक्ष्यं खाली गेली. मग एकेक करून वर आली. चौदावर दहा पांढऱ्या चकत्या होत्या, मध्ये दाटीवाटीने. पाटीवर सात दहा आणि तीन नऊ असं लिहिलेलं होतं. सत्त्याण्णव. मी आयुष्यात एवढे गुण घेतले नव्हते. आणि खडूने लिहिलेल्या त्या सातच्या पोटात एक आडवी रेघ होती. पंपघरातल्या फळ्यावर एकोणतीस वर्षं मी ओन्नींचा तो सात पाहिला होता.

माझ्या मागे बसलेल्या मिशीवाल्या लेखनिकाने आकडे उतरवले, मी सही केली. भोंगा झाला. पुढच्या फेरीसाठी लक्ष्यं खाली जायला लागली. एक, दोन, सात, बारा. तेरा. पंधरा. रांग रिकामी झाली, मागची वाळूची टेकडी दिसायला लागली.

चौदा वरच होतं.

बाजूचे लोक उठले, चटया गुंडाळायला लागले, मग एकेक जण तिकडे बघायला लागला. वाऱ्याचे झेंडे एकदा उचलून खाली पडले. उन्हात ते एकटंच लक्ष्य उभं होतं, दहा चकत्यांसकट. त्यांनी मुद्दाम वर ठेवलंय की खाली घ्यायचं विसरलेत, मला इथून कळायला मार्ग नव्हता.

"झोपला की काय तो खाली?" लेखनिक म्हणाला आणि फोनकडे हात नेला. "चौदावाल्याला जरा हलवायला सांगतो."

"नको," मी म्हणाले. "थांबा जरा. माझं लिहून व्हायचंय."

त्याने माझ्या मांडीवरच्या मिटलेल्या वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

मी वही उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि समोर बघत राहिले. बऱ्याच वेळाने लक्ष्य हललं, क्षणभर थांबलं, आणि मग सावकाश, अजिबात न डुगडुगता, खाली गेलं.